साडूचा नंबर

२ नोव्हेंबर, रविवार
सकाळी उपाशीपोटी १६२. जेवणानंतर दोन तासांनी २०४.
डॉक्टर मॅडमनी सांगितलंय, रोज दोन्ही आकडे वहीत लिहा. इथून पुढं स. उ. आणि जे. नं. एवढंच लिहीन. आकडे लिहून झाल्यावर पान बरंच मोकळं राहतं.
आज फॅमिली ग्रुपवर सकाळी सकाळीच विलासरावांचा फोटो. जुनी पँट घातलीय आणि कमरेपाशी ती हातानं पुढं ओढून धरलीय. आत आणखी एक माणूस मावेल एवढी. खाली लिहिलंय, 'अकरा किलो कमी. फक्त मनाचा निश्चय.' दुपारपर्यंत अंगठ्यांची आणि फुलांची रांग.
शुगर आम्हा दोघा साडूंना आहे. त्यांची चार वर्षांची, माझी दीड. मी सकाळी बागेत सहा फेऱ्या मारतो, भात सोडला, चहातली साखर सोडली, दिवाळीत एक करंजी खाल्ली ती पण अर्धी. वजन दोन किलो उतरलं. फोटो काढण्यासारखं काही नाही.
संगीता चहा देताना म्हणाली, "ताईचे यजमान बघा." बघितले. दिवसभर तेच बघतोय.

६ नोव्हेंबर
स. उ. १५१.
मॅडमकडे जाऊन आलो. तीन महिन्यांची तपासणी आली, ८.१. मागच्या वेळी ९.४ होती. मॅडम खूश. म्हणाल्या, "सकाळचा आकडा त्या दिवसापुरता. ही तपासणी तीन महिन्यांची हजेरी सांगते. तुमची हजेरी सुधारलीय."
मला सात हवी होती. मॅडम म्हणाल्या, घाई करू नका, सावकाश उतरलेली टिकते.
घरी सांगितलं. संगीता म्हणाली, छान. मग म्हणाली, "विलासरावांची किती असेल हो?"

९ नोव्हेंबर, रविवार
स. उ. १५८. जे. नं. १९०.
विलासरावांचा फोन. "पाव्हणं, मी गोळ्या सोडल्या." कुणीतरी माहितीतला माणूस आहे, तो पावडर देतो. सकाळी कोमट पाण्यातून एक चमचा. दोन महिन्यांपासून घेतायत. "ते टोचून टोचून रक्त काढणं बंद करा. माणूस त्यानंच आजारी पडतो."
मी म्हणालो, तपासलीत का शुगर? म्हणाले, "अंग सांगतंय की. कमरेला दोरी बांधायची येळ आली. आणखी काय तपासायचं?"
संगीतानं फोन हातातून घेतला आणि माझ्यासाठी एक डबा मागवला.

१३ नोव्हेंबर
स. उ. १४९.
चार दिवस एक प्रयोग करतोय. नाष्ट्यानंतर दोन तासांनी मोजायचं. पोहे: २३१. इडली: २२४. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, दही: १६८. तेच पोहे निम्मे, सोबत मोड आलेली मटकी आणि खाऊन झाल्यावर गल्लीतून पंधरा मिनिटं चालणं: १७४.
पोहे तेच, माणूस तोच. किती, कशासोबत आणि नंतर बसलो की चाललो, यानं पन्नास-साठचा फरक. दीड वर्ष मला वाटायचं साखर म्हणजे फक्त गोड. खरं सांगायचं तर आज मजा आली. मॅट्रिकला बीजगणित सुटलं होतं तेव्हा आली होती तशी.
संगीताला वही दाखवली. तिनं बघितली, नाही असं नाही. "तिकडं ते काहीच मोजत नाहीत आणि उतरतेय. तुम्ही मोजून मोजून..."
पावडरीचा डबा आलाय. मॅडमला विचारल्याशिवाय घेणार नाही म्हणालो. डबा फ्रिजवर. येता जाता दिसतो.

१८ नोव्हेंबर
स. उ. १५५. बिनकारणाची वाढली. काल रात्री अर्धी भाकरी जास्त झाली असेल. की विलासरावांचा व्हिडिओ बघून वाढली?
व्हिडिओत ते शेताच्या बांधावर उभे. 'शुगरला घाबरू नका' वगैरे. संगीताच्या मावशींनी लिहिलं, आमच्या घराण्याचं भूषण. मी तेवीस वर्षं औरंगपुऱ्यात चष्म्याचं दुकान चालवतो. या मावशींचा, मावसोबांचा, त्यांच्या सुनेचा चष्मा मीच केला. भूषण कुणी म्हणालं नाही.
हे असं लग्नापासून आहे. थोरले जावई म्हणून सासरी पहिलं ताट त्यांचं, पहिली अंघोळ त्यांची. दोन्ही जावई एकाच एसटीतून उतरलो तरी सासरे हार घेऊन आधी त्यांच्याकडं जायचे. सासरे गेले आता. तरी.

२४ नोव्हेंबर, सोमवार
स. उ. १४६.
विलासराव दुकानात आले. शहरात काही काम होतं. गिऱ्हाईक बसलेलं होतं, एक मास्तर आणि त्यांची बायको. विलासराव आल्या आल्या बाटलीभर पाणी प्यायले, दुसरी मागितली. मग काउंटरवरचा पेपर उचलला आणि चष्म्याशिवाय वाचायला लागले. मोठ्यानं. मथळे नाही, खालचा बारीक मजकूर.
"सत्तावन्न वय माझं. बघा. पावडर डोळ्यालाबी लागू पडली."
मास्तर बघतच राहिले. पावडर कुठं मिळते विचारलं. माझ्या दुकानात, चष्मा करायला आलेल्या माणसानं.
मग विलासराव म्हणाले, जवळचं लख्ख दिसतं, पण लांबचं धुरकट झालंय, समोरून येणारी बस कुठली ते कळत नाय. बघा जरा.
नंबर बघितला. त्यांचं जुनं कार्ड माझ्याकडं आहे, गेल्या वर्षी मीच काढलेलं. लांबचा प्लस पाऊण होता. आज मायनस सव्वा. दोन नंबरांची उडी, या वयात, एका वर्षात. पुन्हा बघितला. तेच.
ज्या चाचांकडं मी हे काम शिकलो ते एकच गोष्ट दहादा सांगायचे, "नंबर कूदा तो कांच मत बना, पहले शक्कर पूछ." शुगर फार चढली की डोळ्यातलं भिंग फुगतं. मग लांबचं धूसर होतं आणि जवळचं चष्म्याशिवाय दिसायला लागतं. माणसाला वाटतं डोळे सुधारले.
मी नंबर तपासायची ट्रायल फ्रेम काढून ठेवली आणि हे सांगणारच होतो. तेवढ्यात विलासराव मास्तरांना म्हणाले, "हे आमचे धाकले साडू. ह्यांनाबी शुगर. घास मोजून खातात बिचारे. आन शुगर जागच्या जागी." मास्तर हसले. त्यांची बायकोही.
मी विचारलं, फ्रेम कुठली दाखवू?
विलासराव मागच्या बाजूला लघवीला जाऊन आले, अर्ध्या तासानं पुन्हा जाऊन आले. जाताना म्हणाले, चार दिवसांत द्या.

२५ नोव्हेंबर
स. उ. १६०.
काच ऑर्डर केली. करायला नको होती.
संध्याकाळी संगीताला म्हणालो, विलासरावांनी एकदा शुगर तपासून घेतलेली बरी. एवढंच म्हणालो. नंबराचं बोललो नाही.
ती भाजी निवडत होती. हात थांबला. "तुम्हाला त्यांचं बघवत नाही. खरं सांगा."
खरं सांगितलं असतं तर हो म्हणावं लागलं असतं.
सांगितलं तर आहे मी. बायकोला सांगितलं. ती बहिणीला सांगेल, नाही सांगणार. माझं काम झालं.

२९ नोव्हेंबर
स. उ. १४४. जे. नं. १७०.
विलासराव चष्मा घेऊन गेले. घालून दारात उभं राहून समोरच्या पाट्या वाचल्या. "वा, पाव्हणं. हात धरणारं कुणी नाय तुमचा." तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या कामाचं नाव काढलं. त्यात चुकीच्या चष्म्यासाठी.
बूट सैल झालाय त्यांचा. चालताना टाच वाजते.

४ डिसेंबर, गुरुवार
स. उ. १३९. दीड वर्षात पहिल्यांदा १४०च्या खाली.
मॅडमकडं. पावडरीचं विचारलं. म्हणाल्या, त्यात काय आहे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, म्हणून नको. गोळ्या स्वतःच्या मनानं कधीच सोडायच्या नाहीत.
उठता उठता विचारून बसलो. एक नातेवाईक आहेत, गोळ्या सोडल्यात, अकरा किलो उतरलेत, पाणी फार पितात, नंबर असा असा बदललाय.
मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ते वजन कमी होत नाहीये, झिजतंय. शुगर अंगाला लागत नसली की शरीर स्वतःचं मांस जाळतं. त्यांना आजच तपासायला सांगा. आज. फोन करा."
हो म्हणालो.
दुकानात येऊन फोन हातात घेतला. ग्रुप उघडला गेला. सासूबाईंचा आवाज पाठवलेला होता, थोरल्या मुलीकडं, मंगलताई-विलासरावांकडं असतात त्या. "विलासरावांनी आम्हाला सगळ्यांना वाट दाखवली." फोन खाली ठेवला. म्हटलं, संध्याकाळी करू.

५ डिसेंबर
स. उ. १४२. केला नाही.

८ डिसेंबर
स. उ. १४०.
हिशोब असा की मी सांगितलं तर ते ऐकणार नाहीत. उलट ग्रुपवर टाकतील, पाव्हणं जळतात. संगीता चार दिवस बोलणार नाही. आणि तपासली आणि नॉर्मल निघाली तर? तर मला पिशोरला, त्यांच्या गावी, तोंड दाखवता येणार नाही.
हे सगळं खरं आहे. आणि हेही खरं की नॉर्मल निघणार नाही, हे मला माहीत आहे.

१४ डिसेंबर, रविवार
स. उ. १३७. जे. नं. १५८.
माझे आकडे उतरतायत. कुणाला दाखवू? संगीताला दाखवले. ती म्हणाली, "अरे वा." मनापासून म्हणाली असावी. पण मला वाटलं, त्यांच्या फोटोला जेवढा वेळ बघत होती तेवढा वेळ वही बघितली नाही.
पुढच्या रविवारी पिशोरला हुरडा. सगळ्यांना बोलावलंय. विलासराव 'मार्गदर्शन' पण करणार आहेत. ग्रुपवर तोच शब्द आहे.

२० डिसेंबर
स. उ. १४१.
उद्या निघायचं. बॅगेत शुगरचं मशीन ठेवलं, पट्ट्यांची अख्खी डबी. संगीता म्हणाली, एका दिवसाला एवढ्या पट्ट्या कशाला? म्हणालो, असू द्या.
इथं खरं लिहितो, या वहीत आकड्यांपलीकडं कुणी वाचत नाही. फोन करून सांगायला मला जमलं नाही. सगळ्यांसमोर त्यांच्या बोटातून थेंब काढायला जमेल. मार्गदर्शनाच्या मध्ये.

२२ डिसेंबर, सोमवार. दवाखान्याच्या बाकावर
माझी मोजली नाही.
काल काय झालं ते क्रमानं लिहितो.
शेतात पोचलो तेव्हा आगटी पेटलेली होती. कणसं भाजून, चोळून, गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. वीस-बावीस माणसं. विलासरावांना बघून मला धक्का बसला. गालाची हाडं वर आलेली. शर्ट खुंटीला टांगल्यासारखा. बाकीचे म्हणत होते, कसे तरणे दिसतात. मंगलताई म्हणाल्या, दोन दिवसांपासून सारखी झोपच येते ह्यांना, बसल्या जागी डुलतात. थंडीचे दिवस, म्हणून.
तेव्हा तरी बाजूला घेऊन बोलायला हवं होतं. मी हुरडा खात बसलो. मोजून, दोन मुठी.
मग विलासराव बोलायला उभे राहिले. जीभ कोरडी पडत होती, मध्ये मध्ये तांब्या तोंडाला लावत होते. "शुगर हा रोग नाय, भीती हाय." मी मशीन बाहेर काढलं. म्हणालो, "विलासराव, एकदा सगळ्यांना दाखवाच. तुमच्यापासून सुरुवात."
आवाज माझाच होता, पण फार गोड.
"आणा की!" बोट पुढं केलं त्यांनी. सगळे जवळ आले. थेंब घेतला. मशीनवर आकडा आलाच नाही. दोन अक्षरं आली, हाय.
त्यांचे चुलतभाऊ वाकून बघत म्हणाले, "हाय म्हणतंय! मशीनबी रामराम घालतंय दादाला." मोठा हशा. विलासरावही हसले.
हाय म्हणजे आकडा मशीनच्या मोजण्याच्या पलीकडं. माझ्या मशीनवर सहाशेच्या वर. मला ते त्याच क्षणी कळलं आणि सगळ्यात आधी मला आनंद झाला. लिहायला हात जड होतोय, पण आधी आनंदच झाला. एक श्वास घेईपर्यंत टिकला असेल.
मी म्हणालो, बोटाला गूळ असेल, हात धुवा. मंगलताईंनी तांब्यानं पाणी घातलं, पदरानं बोट पुसलं. दुसरी पट्टी. पुन्हा हाय.
आता कुणी हसलं नाही, कारण मी हसत नव्हतो. संगीता माझ्याकडं बघत म्हणाली, "म्हणजे काय हो?"
सांगितलं. मंगलताई म्हणाल्या, "नाय नाय, मशीन बिघडलं असंल." मी स्वतःच्या बोटाला टोचलं. १६६. विलासराव खाली बसले. बसताना बूट निघाला. पायमोजा टाचेला चिकटलेला. सोडवला तर खाली जखम, रुपयाएवढी, काळपट. मंगलताई म्हणाल्या, "आठ दिवस झाले. दुखत नाय म्हणत होते." दुखत नव्हती, तेच वाईट होतं.
माझ्या गाडीतून आणलं. मागं त्यांचं डोकं मंगलताईंच्या मांडीवर. वाटेत एकदा म्हणाले, "प्रकाश, पाणी." इतकी वर्षं मला पाव्हणंच म्हणायचे. नावानं पहिल्यांदा.
दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून चाललंय? कुणीच बोललं नाही. मीही.

२३ डिसेंबर
स. उ. १७२. झोप नाही, चालणं नाही.
सलाईन, इन्सुलिन, दर तासाला तपासणी. शुद्धीवर आहेत. पायाचं काय ते आठ-पंधरा दिवसांत कळेल म्हणतात. रक्तपुरवठा बरा आहे, ही जमेची बाजू.
संगीता बाहेर व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात, तपासून घ्यावं. मीच तुम्हाला बोलले." रडायला लागली.
तिचा हात धरला. तिला नंबराचं माहीत नाही. मॅडम आज फोन करा म्हणाल्या होत्या, तेही माहीत नाही. चोवीस नोव्हेंबर ते एकवीस डिसेंबर, सत्तावीस दिवस होतात. मी मोजण्यात हुशार आहे.

२७ डिसेंबर
स. उ. १५०.
सासूबाई पिशोरहून आल्या. सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "प्रकाशराव, तुम्ही होता म्हणून माझ्या पोरीचं कुंकू राहिलं." ग्रुपवर माझा फोटो टाकलाय कुणीतरी, मशीन हातात धरलेला. खाली फुलं. मावशींनी लिहिलंय, देवमाणूस.
हेच हवं होतं ना? मग ग्रुप बंद का करून ठेवला?

३१ डिसेंबर
स. उ. १४५.
आता माझ्या मनाची आणखी एक तऱ्हा. संगीता रोज डबा घेऊन दवाखान्यात. ज्वारीची भाकरी, कमी तेलाची भाजी, कोशिंबीर वेगळ्या डब्यात, वर लिंबाची फोड. दीड वर्ष माझ्या ताटात लिंबाची फोड मला मागावी लागतेय. माणूस पायाला पट्टी बांधून पडलाय आणि मी लिंबावरून जळतोय.
ही खोड शुगरसारखीच दिसते. जात नाही, नुसती आटोक्यात ठेवायची.

५ जानेवारी
स. उ. १३८.
भेटायला गेलो. विलासरावांना इन्सुलिन टोचायला शिकवत होत्या सिस्टर. पोटाची चिमट धरून, सुई सरळ. मला बघून म्हणाले, "टोचून घेऊ नको म्हणत होतो ना तुला." आता मला तू म्हणतात.
मग चष्मा पुढं केला. "हा लावला की आता लांबचं काहीच दिसत नाय. काढला की बरं दिसतं. आन पेपर परत वाचता येईना. नंबर चुकला का तुझा?"
शुगर खाली आली, भिंग जागेवर गेलं, डोळा पूर्वीसारखा झाला. सांगायला दोन वाक्यं लागली असती.
मी म्हणालो, "चुकला असेल. बदलून देतो."
"होतं माणसाकडून," म्हणाले. मला समजावत होते ते.

१० जानेवारी
स. उ. १३५. जे. नं. १५५.
डिस्चार्ज मिळाला. बोट, टाच, सगळं शाबूत आहे अजून. पण जखम भरायला वेळ आहे, एक दिवसाआड ड्रेसिंग. पिशोरहून सारखं येणं जमणार नाही, म्हणून महिनाभर आमच्याकडं राहणार, सिडकोतल्या घरी. मंगलताईही. बाहेरची खोली त्यांना दिली.
फ्रिजवरचा पावडरीचा डबा संगीतानं मला न सांगता टाकून दिला. जागा रिकामी दिसते.

१४ जानेवारी, संक्रांत
स. उ. माझी १३६. वि. १२४.
सकाळी दोघं शेजारी बसून मोजतो. माझं बघून झाल्यावर ते मशीन मागतात. त्यांची कमी आली की मला अजून झोंबतं. इन्सुलिनवर आहेत ते, इन्सुलिन मोजून घेतात, कमी येणारच. हे कळतं. झोंबतंच.
वही ठेवायला शिकवली. मी नाष्टे लिहिले होते तसे त्यांनी लिहायला घेतले. अक्षर मोठं, रेघ सोडून जातं. आज विचारलं, "पोहे निम्मे आन वर मटकी, हे तू स्वतः शोधलंस?" हो म्हणालो. "लई डोकं हाय राव तुला." मंगलताईंना हाक मारून दाखवलं. अर्धा तास तेच.
वाण द्यायला बायका आल्या होत्या. सासूबाईंनी फोनवरून बजावलं, पहिला तिळगूळ प्रकाशरावांना. वाटाण्याएवढा घेतला. विलासराव म्हणाले, मलाबी तेवढाच. गोड बोलायचा दिवस, म्हणून मीच मोडून दिला.

१७ जानेवारी
स. उ. १४०. वि. १३१.
दुकानात त्यांचं कार्ड काढून बघितलं. चोवीस नोव्हेंबरच्या तारखेपुढं माझ्याच अक्षरात मायनस सव्वा, आणि शेजारी पेन्सिलीनं बारीक, 'शुगर?' त्या दिवशी मीच लिहिलेलं. विसरलो होतो. खोडायला खोडरबर घेतला. खोडलं नाही. कार्ड खणात ठेवलं.
आज घरी सांगायचं ठरवून गेलो. विलासराव दारात खुर्ची टाकून बसले होते, शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना सांगत होते, "गोळी मनानं सोडायची नाय बाबा. माझं ऐका. ह्या साडूनं मला मरणाच्या दारातून आणलं." सांगता आलं नाही.

१९ जानेवारी, सोमवार
स. उ. १३८. वि. ११९.
आज त्यांना पहिल्यांदा माझ्या मॅडमकडं नेलं. इथून पुढं त्यांच्याकडंच दाखवायचं ठरलंय. मॅडमनी कागद वाचले, पाय बघितला, जखम भरत आलीय म्हणाल्या. तीन महिन्यांची तपासणी, दवाखान्यात केलेली, १४.२. विलासराव मान खाली घालून बसले. मॅडम रागावल्या नाहीत. विचारलं, वजन कधीपासून उतरत होतं, डोळ्यांना काही त्रास? विलासराव म्हणाले, "लांबचं दिसत नव्हतं. नोव्हेंबरात ह्याच्याकडूनच चष्मा केला."
मॅडम माझ्याकडं वळल्या. अगदी सहज म्हणाल्या, "मागे तुम्ही ज्यांच्याबद्दल विचारत होतात, ते नातेवाईक हेच का?"
मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?
त्यांनी पुढं काही विचारलं नाही. लिहायला लागल्या. विलासराव माझ्याकडं बघत होते. मी भिंतीवरचा पायाचा तक्ता बघत होतो.
गाडीत बसलो. सिग्नलला थांबलो तेव्हा विलासराव म्हणाले, "मॅडमला माझं कधी सांगितलं व्हतंस?"
"डिसेंबरात."
"हुरड्याच्या आधी?"
मागचे हॉर्न वाजवायला लागले. गाडी पुढं घेतली. "घरी गेल्यावर बोलू," म्हणालो.
"बरं," म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.
घरी आल्यावर मी हात धुण्याच्या निमित्तानं आतल्या खोलीत आलो आणि वही घेऊन बसलो. काय सांगायचं ते आधी लिहून काढावं, असा विचार. नंबराचं सांगेन. फोन केला नाही ते सांगेन. मशीन मुद्दाम नेलं ते सांगावं का? आणि तो एक श्वास आनंदाचा, तो कसा सांगतात?
बाहेर ताटं वाढलीत. संगीता दोनदा हाक मारून गेली. मंगलताई म्हणतायत, तुम्ही तरी सुरू करा. त्यावर विलासराव, "प्रकाश येऊ दे. तो आल्याबिगर घास घेत नाय मी."
त्यांनी इन्सुलिन टोचून घेतल्याला आता पंचवीस मिनिटं झाली. त्यानंतर जेवण लांबवून चालत नाही, शुगर एकदम खाली जाते, मीच शिकवलंय त्यांना. उठतो.